‘नाविक’ची घड्याळे आणि त्यांचा हिशेब

श्रीहरिकोटा येथील प्रक्षेपण केंद्रावरून २९ जानेवारी २०२५ रोजी शंभरावे उड्डाण झाले, तेव्हा देशात सर्वत्र समाधान व्यक्त झाले आणि ते रास्तही होते. १९७९ च्या ऑगस्टमध्ये याच किनाऱ्यावरून निघालेले एसएलव्ही-३ हे पहिले यान बंगालच्या उपसागरात कोसळले होते; तेथून येथवरचा प्रवास सामान्य नव्हे. परंतु शंभराव्या उड्डाणाने ज्या उपग्रहाला वर नेले, त्याचे पुढे काय झाले याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. अग्निबाणाने आपले काम चोख बजावले. एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह ठरलेल्या लंबवर्तुळाकार कक्षेत पोहोचला. तेथून त्याला अधिक उंचीच्या कक्षेत न्यावयाचे, तर ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपाच उघडल्या नाहीत आणि उपग्रह आहे तेथेच अडकून पडला. वृत्तपत्रांतून काही दिवस ही बातमी झळकली आणि मागे पडली.

वस्तुतः ‘नाविक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या दिशादर्शन यंत्रणेचे दुखणे या झडपांहून जुने आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे या मालिकेत तोवर अकरा उपग्रह सोडण्यात आले होते. त्यांपैकी स्थाननिश्चितीची सेवा देणारे केवळ चार. आणखी चारांचा उपयोग एकेरी संदेश पाठविण्यापुरता उरला होता, एक निवृत्त झाला होता आणि दोन मुळी योग्य कक्षेत पोहोचलेच नव्हते. यांतले संदेशापुरते उरलेले चार उपग्रह विचार करण्यासारखे आहेत. ते जळाले नाहीत की भरकटले नाहीत. त्यांच्या सौरपट्ट्या वीज देतात, त्यांचा रेडिओ चालतो, जमिनीवरून दिलेला निरोप ते खाली पोहोचवू शकतात. मग नेमके हरवले काय? या मालिकेतील पहिल्याच उपग्रहाने २०१६ मध्ये त्याचे उत्तर दिले होते. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावर रुबिडियमची तीन अणुघड्याळे होती. एक मुख्य आणि दोन राखीव. तिन्ही एकामागून एक निकामी झाली. जानेवारी २०१७ मध्ये अंतराळ संशोधन संस्थेने ही गोष्ट मान्य केली. त्यानंतर याच मालिकेतील इतर उपग्रहांची घड्याळेही दगा देत गेली. ज्या उपग्रहाला वेळ सांगता येत नाही, त्याला स्थानही सांगता येत नाही.

ही यंत्रणा शाळेत शिकविल्या जाणाऱ्या काळ-काम-वेगाच्या गणितावरच उभी आहे. उपग्रह आपली वेळ आणि आपले ठिकाण सांगणारा संदेश सतत प्रक्षेपित करतो. तो संदेश जमिनीवरील यंत्रापर्यंत येण्यास किती वेळ लागला, हे कळले की त्या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतर निघते. चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की जमिनीवरील यंत्राचे स्थान आणि त्याच्या स्वतःच्या साध्या घड्याळातील चूक अशी चारही अज्ञाते सुटतात. गणित सोपे आहे. अवघड आहे तो प्रकाशाचा वेग. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर अंतर कापतो. उपग्रहावरील घड्याळ सेकंदाच्या केवळ दहा लाखाव्या भागाने चुकले, तर स्थान तीनशे मीटरने चुकू शकते. गिरगावात उभ्या असलेल्या माणसाला यंत्र समुद्रात उभे करील. इतकी काटेकोर वेळ कोणतेही यांत्रिक घड्याळ किंवा नुसते क्वार्ट्झचे स्फटिक दीर्घकाळ राखू शकत नाही, म्हणून अणूंना शरण जावे लागते. रुबिडियमच्या घड्याळात त्या धातूची वाफ भरलेली एक लहानशी काचेची कुपी असते. ठराविक कंपनसंख्येच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ६८३ कोटी ४७ लाख कंपनांच्या सूक्ष्मलहरी तिच्यात सोडल्या, की वाफेतून पलीकडे जाणारा प्रकाश किंचित मंदावतो. तो मंद राहील अशा बेताने क्वार्ट्झच्या स्फटिकाला सतत ताळ्यावर आणले जाते. स्फटिक धावतो आणि अणू त्याचा लगाम धरतो.

अशा घड्याळाची पारख कशी करावयाची? येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जे बरोबर वेळ दाखविते ते चांगले घड्याळ, असे सर्वांना वाटते. पण पुष्कळ घरांत भिंतीवरचे घड्याळ रोज मिनिटभर पुढे जाते आणि घरातल्या माणसांना ते ठाऊक असल्याने कोणाचीही गाडी चुकत नाही. याउलट, आज पाऊण मिनिट पुढे आणि उद्या अर्धा मिनिट मागे असे वागणारे घड्याळ सरासरीने अधिक बरोबर असले तरी कुचकामी होय. घड्याळाची चूक किती आहे यापेक्षा ती आधी सांगता येते की नाही, हा खरा निकष. दिशादर्शक उपग्रहाला तर तो तंतोतंत लागू पडतो. कारण जमिनीवरील केंद्र घड्याळाच्या पुढच्या काही तासांतील चालीचा अंदाज बांधून तो उपग्रहाकडे पाठविते आणि उपग्रह तो अंदाज आपल्या संदेशाबरोबर सर्वांना देतो. घड्याळाने अंदाजाप्रमाणे चुकावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

हा वाद नवा नाही. समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून इंग्लंडच्या संसदेने १७१४ मध्ये वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. जॉन हॅरिसन या सुतारपुत्राने बनविलेले चौथे घड्याळ १७६१ च्या अखेरीस जमैकाच्या सफरीवर गेले आणि तेथे पोहोचल्यावर त्यात सुमारे पाच सेकंदांचीच चूक आढळली. तरीही रेखांश मंडळाने हात आखडता घेतला. त्याच्या आक्षेपांत एक असा होता की, हे घड्याळ रोज किती मागे पडते हे हॅरिसनने निघण्यापूर्वी लेखी सांगितले नव्हते; ते नंतर हिशेबात धरले गेले. मंडळाचा हॅरिसनशी एकूण व्यवहार कद्रूपणाचाच होता, यात शंका नाही. परंतु हा एक आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. बार्बाडोसच्या दुसऱ्या चाचणीपूर्वी हॅरिसनने चाल आधी जाहीर केली आणि घड्याळ तरीही कसोटीला उतरले.

अणुघड्याळांच्या परीक्षेत याच तत्त्वाला गणिती रूप देण्यात आले आहे. डेव्हिड ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सुचविलेल्या पद्धतीने घड्याळाची चाल एका सेकंदापासून दुसऱ्या सेकंदापर्यंत, एका तासापासून दुसऱ्या तासापर्यंत, एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत किती बदलते हे वेगवेगळे मोजतात. कारण घड्याळांचे स्वभाव वेगळे असतात. रुबिडियम थोड्या वेळात फार स्थिर असते, पण महिनोन्‌महिने त्याची चाल हळूहळू बदलत जाते. सीझियम लहान कालावधीत थोडे चंचल, परंतु लांब पल्ल्याचे भरवशाचे. हायड्रोजन मेसर या दोहोंहून सरस. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवरील मेसर तीस लाख वर्षांत सुमारे एक सेकंद चुकेल असे सांगितले जाते. असल्या आकड्यांनी वाचक दिपून जातो खरा, पण त्यांतून फारसे काही कळत नाही. तीस लाख वर्षे कोणी थांबणार नाही. ज्याला स्थान हवे आहे, त्याला पुढच्या बारा तासांशी कर्तव्य असते.

शिवाय प्रयोगशाळेतील घड्याळ वेगळे आणि आकाशातील वेगळे. वर गेल्यावर कोणी त्याचे झाकण उघडू शकत नाही. उड्डाणाचे हादरे, किरणोत्साराचा मारा आणि ऊन-सावलीचा खेळ त्याला सोसावा लागतो. वर्षातून ठराविक आठवड्यांत उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून जातो, तापमान बदलते आणि रुबिडियमसारखे घड्याळ ते तत्काळ आपल्या चालीत दाखवून देते. मोजणाऱ्याचीही अडचण कमी नसते. घड्याळ किंचित पुढे गेले काय किंवा उपग्रह कक्षेत किंचित जवळ आला काय, जमिनीवरून दोन्ही सारखेच दिसतात. ही गुंतागुंत सोडविण्यासाठी उपग्रहावरील आरशांवर लेसरचा झोत टाकून अंतर स्वतंत्रपणे मोजतात आणि जे उरेल ते घड्याळाच्या खात्यावर मांडतात.

या पारखीने विज्ञानाला मोठे देणे दिले आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने एनटीएस-२ हा प्रायोगिक उपग्रह सोडला. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे एवढ्या उंचीवरील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे जावयास हवे. हिशेब न सुधारल्यास एका दिवसात अकरा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. सर्वच अभियंत्यांचा यावर विश्वास होता असे नाही. म्हणून दुरुस्तीची योजना उपग्रहात बसविली, पण पहिले सुमारे वीस दिवस ती चालू केली नाही. घड्याळ सिद्धांताने सांगितलेल्या गतीनेच, जवळजवळ एक टक्क्याच्या आत, पुढे धावताना आढळले. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये गॅलिलिओचे दोन उपग्रह चुकून लंबवर्तुळाकार कक्षेत गेले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या अपघाताचेही सोने केले. कधी पृथ्वीच्या जवळ तर कधी दूर जाणाऱ्या या दोन उपग्रहांच्या मेसरची चाल वर्षानुवर्षे तपासून २०१८ मध्ये त्याच सिद्धांताची पडताळणी १९७६ च्या प्रयोगापेक्षा सुमारे पाचपट काटेकोरपणे करण्यात आली. हे शक्य झाले, कारण त्या घड्याळांची रोजची नोंद ठेवली गेली होती आणि ती अभ्यासकांना उपलब्ध होती.

गॅलिलिओची घड्याळे निर्दोष होती, असे मात्र मुळीच नाही. ज्या जानेवारी २०१७ मध्ये आपल्या उपग्रहाची बातमी आली, त्याच महिन्यात युरोपीय अंतराळ संस्थेचे महासंचालक यान व्होर्नर यांनी पत्रकारांपुढे येऊन सांगितले की, अठरा उपग्रहांवरील बहात्तर घड्याळांपैकी नऊ बंद पडली आहेत. तीन रुबिडियमची आणि सहा हायड्रोजनची. आपली आणि त्यांची रुबिडियम घड्याळे स्वित्झर्लंडमधील एकाच कंपनीने बनविलेली होती. युरोपच्या प्रत्येक उपग्रहावर दोन प्रकारची मिळून चार घड्याळे असल्याने एकही उपग्रह सेवेतून गेला नाही. आपल्या उपग्रहावर तीन, आणि तिन्ही एकाच जातीची. एका जातीला जो रोग जडतो तो तिन्हींना जडतो, ही गोष्ट शेतकऱ्यालाही ठाऊक असते. पुढील तपासात रुबिडियम घड्याळांतील बिघाडाचा संबंध आत होणाऱ्या शॉर्टसर्किटशी आणि जमिनीवरील चाचणीच्या एका पद्धतीशी असावा असे निष्पन्न झाले. त्यानंतर उपाय योजूनच पुढील उपग्रह सोडण्यात आले.

घड्याळे बंद पडली म्हणून आपल्या शास्त्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्याही १९७८ नंतरच्या पहिल्यावहिल्या उपग्रहांवरील रुबिडियम घड्याळांनी अकाली मान टाकली होती. नवी यंत्रे अशाच मार्गाने शहाणी होतात. प्रश्न आहे तो हिशेबाचा. अमेरिका आणि युरोप आपल्या प्रत्येक उपग्रहाची स्थिती वापरणाऱ्यांना सूचनापत्राद्वारे कळवितात. सेवा किती अचूक होती, याचे ठराविक मुदतीचे अहवाल छापतात. इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस ही शास्त्रज्ञांची संस्था १९९४ पासून उपग्रहांच्या घड्याळांची चाल काही मिनिटांच्या अंतराने मोजून खुली करते. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अमेरिकन उपग्रहाचे घड्याळ काल कसे चालले हे एका सायंकाळी तपासता येते. आपल्याच पैशाने उभ्या केलेल्या घड्याळांविषयी मात्र त्याला अंदाज बांधीत बसावे लागते किंवा एखाद्या खासदाराने प्रश्न विचारण्याची वाट पाहावी लागते. २००६ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती १,४२० कोटी रुपयांची. एवढ्या खर्चाच्या धरणात आज किती पाणी आहे, हे दररोज वर्तमानपत्रात छापले गेले असते.

संरक्षणाचा विषय असल्याने गुप्तता हवी, असे यावर उत्तर दिले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. परक्याच्या उपग्रहांवर विसंबण्यातला धोका ओळखूनच या योजनेचा घाट घातला गेला. अमेरिकेने तर मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संकेतात जाणूनबुजून चूक मिसळलेली होती. लष्करासाठी राखीव असलेला संकेत गुप्त राहावा, हे कोणीही मान्य करील. परंतु सर्वांसाठी असलेला संकेत आकाशातून खाली येतो आणि तो कोणाही परदेशी केंद्राच्या आकाशकाड्यांवर उतरतो. त्यावरून आपल्या घड्याळांचे स्थैर्य मोजणारे निबंध परदेशातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेलेही आहेत. म्हणजे ही गुप्तता कोणापासून, तर केवळ भारतीय वाचकापासून!

उपग्रहावरील घड्याळ शाबूत असले म्हणजे झाले, असेही नाही. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ सहा दिवस बंद पडली. वर सर्व काही ठीक होते, बिघाड जमिनीवरील वेळ आणि कक्षा ठरविणाऱ्या यंत्रणेत होता. २६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेने एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीचा आकडा वर पाठविला आणि जगातील यंत्रांना तेरा मायक्रोसेकंदांची चुकीची वेळ मिळाली. स्थाननिश्चितीवर त्याचा परिणाम नगण्य होता, पण दूरसंचार यंत्रणांत गोंधळ उडाला आणि ब्रिटनमध्ये डिजिटल नभोवाणीत व्यत्यय आला. दिशा दाखविण्यासाठी निर्माण झालेली ही घड्याळे आता टेलिफोनचे मनोरे, विजेची जाळी आणि बँकांचे व्यवहार यांनाही वेळ पुरवितात, याची बहुतेकांना त्या दिवशी प्रथमच जाणीव झाली. आपल्याकडेही भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून देशभर काटेकोरपणे पोहोचविण्याची योजना हाती घेण्यात आली आहे आणि तीत ‘नाविक’लाही स्थान आहे. साहजिकच ‘नाविक’ची घड्याळे कशी चालतात, हा आता केवळ नकाशा पाहणाऱ्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

समाधानाची एक गोष्ट निश्चितच घडली आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने स्वदेशी रुबिडियम घड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावरून ते प्रथमच अंतराळात गेले. असे घड्याळ बनविण्याचे तंत्र जगात मोजक्याच देशांपाशी आहे आणि ते कोणी सहजासहजी देत नाही. या यशाचे मोल मोठे आहे. तथापि ‘स्वदेशी’ हे घड्याळाचे जन्मस्थान झाले, गुणपत्रक नव्हे. आयात केलेली घड्याळेही पहिली दोन-तीन वर्षे उत्तम चालली होती. आयआरएनएसएस-१ए बिघडला तो तिसऱ्या वर्षानंतर. अहमदाबादचे घड्याळ वर्षागणिक कसे चालले, सावलीच्या काळात त्याची चाल किती हलली, बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती तफावत पडली, हे आकडे प्रसिद्ध झाले तर त्यांचा लाभ प्रथम ते बनविणाऱ्यांनाच होईल. चांगले आकडे त्यांच्या कौशल्याची साक्ष देतील. वाईट असले, तर देशातील विद्यापीठांतून त्यांवर डोके चालविणारे दहा अभ्यासक मिळतील.

आपल्याकडे मूल्यमापन होते ते प्रक्षेपणाचे. उलटगणती दूरचित्रवाणीवर दिसते, टाळ्या पडतात, पंतप्रधानांचा संदेश येतो. त्यानंतरची दहा वर्षे जे मुकाट्याने चालावयाचे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अकरा उपग्रह सोडले हा आकडा म्हणून सहज तोंडी येतो. जुलै २०२५ मध्ये चारच काम करीत होते, हा शोधावा लागतो. आणि चार हा आकडा साधा नाही. स्थान काढण्यास किमान चार उपग्रह लागतात. त्यांतला एक दुरुस्तीसाठी थांबला तर आपल्या यंत्रणेला स्वतःच्या बळावर पूर्ण स्थान सांगता येत नाही. सध्याच्या मोबाईल दूरध्वनीत ‘नाविक’बरोबर अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन यांचेही संकेत घेतले जात असल्याने ही उणीव कोणाला जाणवत नाही. ज्या प्रसंगासाठी ही यंत्रणा उभारली, त्या प्रसंगी ती जाणवेल.

त्या चार उपग्रहांपैकी आयआरएनएसएस-१बी ४ एप्रिल २०१४ रोजी आणि आयआरएनएसएस-१एफ १० मार्च २०१६ रोजी सोडण्यात आला होता. पहिल्या पिढीच्या उपग्रहांचे नियोजित आयुष्य दहा वर्षांचे. म्हणजे पहिल्याची मुदत एप्रिल २०२४ मध्येच उलटली आणि दुसऱ्याची मार्च २०२६ मधली. पुढील पिढीचे उपग्रह सहा-सहा महिन्यांच्या अंतराने सोडण्याचे वेळापत्रक सरकारने २०२५ मध्ये संसदेपुढे ठेवले होते. यापुढे सदस्यांनी किती उपग्रह सोडले एवढेच विचारून थांबू नये. प्रत्येकावर किती घड्याळे होती, त्यांपैकी आज किती चालू आहेत आणि गेल्या तिमाहीत ती अंदाजापासून किती नॅनोसेकंद ढळली, एवढे तीन आकडे त्यांनी दर अधिवेशनात मागून घ्यावेत.